त्यानं टीव्हीवर माझे आभार मानले

बक्षिसांच्या कार्यक्रमात लोक नाच बघायला बसायचे, मी भाषणं ऐकायला बसायचे. सेनगावपासून आत असलेल्या आमच्या गावात रंगीत टीव्ही पहिल्यांदा किराणा दुकानदाराकडे आला. रविवारी दुपारी तो टीव्ही ओट्यावर मांडायचा आणि आम्ही बाया अंगणात पोती अंथरून बसायचो. एखादी नटी बक्षीस हातात घेऊन रडायला लागली की बाकीच्या हसायच्या. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा नटांची तोंडं रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला बक्षीस मिळालं. तो म्हणाला, "आज येताना मला कुणीतरी पावडर लावली. जन्मात पहिल्यांदा." एवढंच बोलून तो पायऱ्या उतरला. त्याचं ते बोलणं कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला वाटायचं, एवढ्या उजेडात उभं राहून कुणी आपली आठवण काढली तर त्या माणसाला किती बरं वाटत असेल.

पुढे खरंच कुणीतरी माझी आठवण काढली. मला बरं वाटलं नाही. जिवाचं पाणी झालं.

माझं माहेर आखाडा बाळापूरकडचं. नव्वद सालानंतर लवकरच लग्न होऊन मी या गावात आले. रुखवतात थोरल्या भावानं टेपरेकॉर्डर दिला होता. सासरी त्याचं कौतुक चार दिवस झालं, मग तो स्वयंपाकघराच्या फडताळात गेला. आमचं घर गल्लीच्या टोकाला. मागं परस, परसात लिंब आणि त्यापलीकडे गायरान. शेजारचं घर मेंढ्या-शेरडं पाळणाऱ्यांचं. त्यांचा धाकटा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. शाळा सोडलेला, दिवसभर शेरडांमागं फिरणारा.

पहिली मुलगी झाली आणि बाळंतपणाहून मी परत आले, तो उन्हाळा होता. सासू, नवरा, धाकटा दीर सगळे सकाळीच वावरात जायचे. लेकरू तान्हं म्हणून मी घरी. भांडी घासताना मी माझ्या आईची गाणी म्हणायचे. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, तण काढायला जायची, तिथली गाणी. त्यातलं एक मला फार आवडायचं:

पाटाच्या पाण्या, हळू रे जाय,
बांधाच्या सावलीत लेकरू हाय.

एक दिवस परसातून आवाज आला, "वहिनी, ते मघाचं गाणं परत म्हणता का?"

मी दचकले. खिडकीतून बघितलं तर तो लिंबाखाली उभा होता, शेरडं पलीकडं.

"घरात कुणी न्हाई," मी म्हणाले. "तू जा."

"मी आत येऊन न्हाई राहिलो. हितूनच ऐकतो."

मी खिडकी लावून घेतली. पण दुसऱ्या दिवशी पलीकडून तेच गाणं ऐकू आलं. त्यानं चाल बराबर उचलली होती, फक्त एका जागी चुकत होता. त्याच जागी पुन्हा पुन्हा चुकायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही. मी खिडकी उघडून ती ओळ म्हणून दाखवली.

असं सुरू झालं. तो बाहेर, मी आत, मधे गजाची खिडकी. त्यानं कधी उंबऱ्याला पाय लावला नाही. एकदा मी फडताळातला टेप काढून खिडकीत ठेवला आणि त्याचं गाणं त्यात भरलं. परत लावलं तेव्हा तो घाबरून मागे सरला.

"हा मी हाय का? किती वाईट आवाज हाय हा."

"वाईट न्हाई," मी म्हणाले. "भ्यालेला हाय."

खरं तर मीच जास्त भ्यालेली असायचे. सगळा वेळ माझा एक कान दाराकडे असायचा. कुत्रं भुंकलं तरी मी खिडकी लावायचे. कारणही तसंच होतं. आदल्याच वर्षी दोन गल्ल्या सोडून राहणारी एक सून विहिरीवर एका परगावच्या माणसाशी बोलताना दिसली. काय बोलली ते कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. तिच्या सासऱ्यानं तिला एका पिशवीसकट येष्टीत बसवून दिलं. पुन्हा तिला आणायला कुणी गेलं नाही. येष्टी निघाली तेव्हा ती खिडकीतून गावाकडे बघत नव्हती, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. मी वट्यावरून ते पाहिलं होतं.

हे ठाऊक असून मी खिडकी का उघडायचे, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. त्या घरात मी गाते हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं, एवढं मात्र खरं.

दसऱ्याला हिंगोलीत एक ऑर्केस्ट्रा आला. शेजारचा मुलगा तो ऐकायला गेला आणि परत आलाच नाही. त्यांच्या गाडीत सामान चढवायला राहिला आणि त्यांच्याबरोबरच निघून गेला, असं त्याच्या घरचे म्हणाले. त्याच्या आईनं खूप शिव्या दिल्या. मी एकटीनंच सुटकेचा श्वास सोडला. आता भ्यायचं कारण उरलं नाही, असं वाटलं.

मुलगी चौथीत गेली तोवर मी ते सगळं विसरले होते. एक दिवस तुरीची डाळ निवडत बसले होते आणि रेडिओवर एका मराठी सिनेमाचं गाणं लागलं. शब्द वेगळे होते, पण चाल माझ्या आईची होती. ज्या जागी तो चुकायचा ती जागा आता त्यानं इतकी सुंदर घेतली होती की माझे हात थांबले. गाणं संपलं आणि निवेदकानं त्याचं नाव घेतलं. मला आनंद झाला, तो पाण्याचा घोट घेण्याइतका वेळ टिकला. लगेच मनात आलं, ही चाल कुठून आणली असं याला कुणी विचारलं तर?

त्या गाण्याला बक्षीस मिळालं. मुंबईत मोठा कार्यक्रम झाला आणि त्यानं आपल्या थोरल्या भावाला तिकडं बोलावून घेतलं. हा भाऊ शेरडं विकायला हिंगोलीच्या बाजारात जायचा, त्यापलीकडे कुठं गेलेला नव्हता. परत आला तो संध्याकाळी थेट आमच्या वट्यावर येऊन बसला. नवरा आणि दीर तिथंच होते. मी आत चुलीपाशी.

"काय सांगू तुमाला," तो म्हणाला. "एवढा मोठा हॉल. पोरगं स्टेजवर गेलं, हातात माईक घेतला आन् आपल्या गल्लीचं नाव काढलं."

"गल्लीचं?" दिरानं विचारलं.

"गल्लीतल्या एका बाईचं. म्हंजे नाव न्हाई घेतलं. पण समजणाऱ्याला समजंल." तो हसला. "या रविवारी टीव्हीवर दावणार हायेत. तवा बघा."

"कोण बाई?"

"आता सांगितलं तर बघण्यात काय मजा?"

तव्यावरची भाकरी करपली. सासूनं आतल्या खोलीतून विचारलं, "काय जळून राहिलं?" मी तवा उतरवला.

रविवार यायला आठवडा होता. त्या आठवड्यात माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तिखटाच्या जागी हळद पडायची, दूध उतू जायचं. दीर येता जाता मजेत म्हणायचा, "कोण असंल बरं ती बाई?" आणि गल्लीतल्या एकेका बाईचं नाव घ्यायचा. माझं नाव त्यानं घेतलं नाही, आणि तो मुद्दामच घेत नाही असं मला वाटायचं. नवरा नेहमीसारखाच कमी बोलत होता. त्याच्या प्रत्येक गप्प बसण्याचा मी काहीतरी अर्थ लावत होते.

दोनदा मी त्याला सांगायचं ठरवलं. एकदा तो बैलाला पाणी पाजत होता, मी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय?" तो म्हणाला.

"काही न्हाई. भाकरी वाढू का?"

"आत्ताच तर जेवलो."

काय सांगणार होते? काही घडलंच नव्हतं. आणि काही घडलं नव्हतं तर इतकी वर्षं लपवलं का, हा प्रश्न पहिला आला असता. माहेरी जावं असंही मनात आलं. पण नेमकं त्या रविवारी गेले असते तर ती बाई कोण हे कुणाला विचारायची गरजच पडली नसती.

रविवारी दुकानदाराचं अंगण गच्च भरलं. माणसं कंपाउंडच्या भिंतीवर बसली होती. माझी मुलगी अगदी पुढं. सासूला मान म्हणून बाजेवर बसवलं. मी मागं, दाराजवळच्या बायांत. मनात एकच होतं, लाईट जावी. त्या काळात भारनियमनामुळे आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी लाईट जायची. आणि खरंच, कार्यक्रम सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि टीव्ही बंद पडला. लोक ओरडले. मी डोळे मिटले. वाटलं, देवानं ऐकलं.

पण दुकानदाराकडे बॅटरीवर चालणारा लहान काळा-पांढरा टीव्ही होता. पोरांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, अँटेना जोडला आणि चित्र परत आलं. थोडं हलत होतं, आवाज मात्र स्वच्छ.

त्याचं नाव पुकारलं. तो स्टेजवर आला. अंगावर कोट होता, खांद्याला बसत नव्हता. बक्षिसाची मूर्ती त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, त्याच्याकडची माणसं कोकरू धरतात तशी. पहिली दोन वाक्यं त्यानं शहरी बोलीत पाठ केल्यासारखी म्हटली. सिनेमावाल्यांचे, आईवडिलांचे आभार मानले. मग थांबला. मी पदराचं टोक दातात धरलं.

"मला समदे इचारतात, गाणं कुठं शिकलास," तो म्हणाला. "मी कुठंच शिकलो न्हाई. आमच्या शेजारी एक वहिनी हाय. घरचे वावरात गेले की ती भांडी घासत गायची. मी शेरडं घेऊन घराच्या मागं उभा राहायचो. ती आत, मी बाहेर. तिच्या टेपमधी मी पहिल्यांदा माझा आवाज ऐकला. हे गाणं तिच्या आईचं हाय. मी तिला कधी सांगितलं न्हाई, आज सांगतो. हे बक्षीस तिचं हाय. नाव घेत न्हाई, तिला आवडायचं न्हाई."

त्या हॉलमधले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या अंगणात एकही टाळी वाजली नाही. त्याच्या शेजारी वहिनी म्हणावी अशी एकच बाई होती आणि घराच्या मागं शेरडं चरावीत असं गल्लीत एकच घर. एकेक मान वळायला लागली. आधी बायांच्या, मग भिंतीवरच्या माणसांच्या. माझी मुलगीही वळली, ती हसत होती, तिला वाटलं काहीतरी चांगलं झालं. दीर भिंतीवरून उतरला. नवऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला ती येष्टी दिसायला लागली.

माझ्या शेजारची बाई हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घरचे वावरात गेल्यावर म्हणं."

तेवढ्यात बाजेवरून सासूचा आवाज आला.

"घरचे म्हंजे गडीमाणसं. मी व्हते की घरी."

सगळे तिच्याकडे वळले. ती सुपारी कातरत होती, मान वर न करता.

"मीच म्हणलं व्हतं त्याला, शिकायचं तर बाहेर उभा राहून शीक, आत पाय टाकायचा न्हाई. लिंबाखाली बाज टाकून तिथंच बसायची मी. रोज." तिनं सुपारी तोंडात टाकली. "आन् त्या मेल्यानं माझं नाव काढलं का? एवढं ताक पाजलं त्याला."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. शेरडंवाल्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मावशी, पुढच्या बक्षिसाला तुमचं नाव घ्यायला लावतो." लोक परत टीव्हीकडे वळले. तिथं आता कुणीतरी नाचत होतं. दीर उभा होता तो पुन्हा भिंतीला टेकला.

त्यातला एक शब्दही खरा नव्हता. त्या उन्हाळ्यात सासू एक दिवसही घरी राहिली नव्हती. ताकाचा थेंब त्याला कुणी दिला नव्हता.

घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती, एकदाही मागं वळली नाही. तिनं लोकांपुढं घराची लाज राखली, आता घरात गेल्यावर माझा हिशेब होणार, असं मला वाटत होतं. पण घरी येऊन ती गोठ्यात गेली. नवरा वट्यावर बसला. मी पाणी नेऊन दिलं. तांब्या तसाच हातात धरून त्यानं विचारलं, "आई खरंच बसायची का तिथं?"

व्हय म्हणणं सोपं होतं. सासूनं रस्ता करून दिलाच होता. पण आठवडाभर भिऊन माझ्यात खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग मला काहून न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

"मला?"

"समद्याईला. तुमालाबी."

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि तो वावराकडे निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. रागावला नाही, हात उगारला नाही, पण पाठ करून बसायचा. त्या दिवसांची भीती आधीच्या आठवड्यापेक्षा वेगळी होती. आधी लोकांची होती. आता त्याच्या मनात काय चाललंय याची होती, आणि ते मला विचारता येत नव्हतं. तो विषय त्यानं पुढं कधीच काढला नाही. फक्त एकदा, एका लग्नात त्याच्या लांबच्या भावानं पंगतीत टोमणा मारला, "तुमच्या घरी गाण्याचा क्लास हाय म्हणं." नवरा जेवता जेवता म्हणाला, "व्हय. आई बसायची तिथं. अजून काही इचारायचं हाय का?" मी वाढत होते. वरणाची बादली घेऊन मी पुढच्या पानाकडं सरकले.

सासूला मात्र मी विचारलं. सोयाबीन काढायला आम्ही दोघीच वावरात होतो. तिला मी आत्याबाई म्हणायचे.

"आत्याबाई, त्या दिवशी तुमी माझ्यासाठी खोटं काहून बोललात?"

तिनं विळा थांबवला नाही. "मला ठाऊक व्हतं. त्या उन्हाळ्यात एक दिवस भाकरीचं गठुडं घरी राहिलं, ते न्यायला मी आले व्हते. परसात आले तर तुमचं चालू व्हतं."

मी विळा खाली ठेवला. "मंग?"

"मंग काय. राग आला. थांबून ऐकलं थोडं. तसंच परत गेले. त्या दिवशी समदे उपाशी राहिले."

"कुणाला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुला माहेरी धाडावं लागलं असतं. मंग हे सोयाबीन कुणी काढलं असतं?" ती पुढं सरकली. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन् गात बरं व्हतीस."

म्हणजे मी दाराकडे कान लावून बसायचे आणि ती मागच्या बाजूनं येऊन गेली होती. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट इतक्या वर्षांनी, भर उन्हात, अंगावर काटा आला.

दिवाळीत शेजारचा धाकटा गावी आला, भाड्याच्या जीपनं. आधी आपल्या घरी गेला, मग आमच्याकडे. अंगणात उभा राहून त्यानं "वहिनी" म्हणून हाक मारली. मी चुलीपाशी होते, उठले नाही. सासू बाजेवर होती, तो तिच्या पाया पडला.

"बस," ती म्हणाली. "तिकडं तू बोललास, तुला टाळ्या मिळाल्या. हिथं आठ दिवस या बाईच्या पोटात अन्न गेलं न्हाई. तुला ठाऊक हाय का?"

म्हणजे तिनं तेही पाहिलं होतं.

"मावशी, मी चांगल्यासाठीच बोललो," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "नाव न्हाई घेतलं मी."

"गाव लहान असलं की नाव घ्यावं लागत न्हाई."

मी चहा घेऊन बाहेर आले. नवरा दाराला टेकून उभा होता, मुलगी त्याच्याजवळ. चहा हातात घेऊन पाहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, आता त्या गाण्याची नवी कॅसेट निघून राहिली. मी कंपनीवाल्याईले सांगितलं, चाल कुणाची ते वर छापा. या वेळी इचारून करतो. तुमच्या आईचं नाव द्यायचं का तुमचं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मला काय इचारती? तुला इचारलं त्यानं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत आहेत.

"कुणाचंच नको," मी म्हणाले.

"निदान आईचं तरी, वहिनी."

"नको म्हणलं ना."

त्यानं मान हलवली, चहा पिला आणि निघून गेला. पुढं हिंगोलीच्या स्टँडवर एका दुकानात मी ती कॅसेट पाहिली. त्या गाण्यापुढं कंसात 'पारंपरिक' असं छापलेलं होतं. माझी आई तेव्हा होती. तिला मी ते गाणं ऐकवलं, ती म्हणाली, "आपल्यावानीच हाय की." तिला मी बाकी काही सांगितलं नाही. आई वारल्यावर मुलीनं मला एकदा विचारलं, आजीचं नाव का दिलं नाहीस. मी तिला म्हणाले, तेव्हाचे दिवस तसे होते. ती म्हणाली, पण बाबा तर नको म्हणत नव्हते.